डांबर तपासण्याचा अधिकार आमचाही आहे!

जयंती जवळ आली की आमच्या वस्त्यांना रस्ते मिळतात. मार्च संपता संपता मुख्य रस्त्यापासून बुद्धविहारापर्यंत खडी पडते, रोलर येतो, दोन दिवसांत काळा कुळकुळीत रस्ता तयार होतो आणि १४ एप्रिलच्या आत नारळ फुटतो. फलकावर लोकप्रतिनिधीचे नाव मोठ्या अक्षरात, निधी कुठल्या योजनेचा ते बारीक अक्षरात. त्याच रस्त्यावरून आमची मिरवणूक निघते. निळे झेंडे घेऊन आम्हीही त्यावर नाचतो.

मे महिन्यात त्याच रस्त्याला चपला चिकटू लागतात. जुलैमध्ये खडी मोकळी होऊन कडेला जमा होते. दिवाळीपर्यंत खड्डे पडतात. मग निवेदन, मग धरणे, मग पुन्हा निधी, पुन्हा तोच रस्ता आणि बहुतेक वेळा तोच गुत्तेदार.

आम्ही मराठवाड्यातल्या एका तालुक्यात काम करणारे कार्यकर्ते आहोत. कित्येक वर्षे आम्हीही हेच करत होतो. "वस्तीला रस्ता द्या" एवढीच मागणी घेऊन तहसील आणि पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवत होतो. आज आम्हाला वाटते की आमची मागणीच अर्धवट होती. "रस्ता द्या" म्हटले की कागदावर रस्ता मिळतो. मागायला हवे ते असे: "या रस्त्यात कोणते डांबर घालणार ते सांगा, त्याचा चाचणी अहवाल दाखवा आणि नमुना आमच्यासमोर घ्या."

हे ऐकून आमचेच काही साथी हसले. "अत्याचाराची प्रकरणे पडून आहेत, शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत आणि तुम्ही डांबर कसले तपासत बसलात?" प्रश्न चुकीचा नाही. म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

रस्ता हा हक्काचा प्रश्न आहे

१९२४ मध्ये केरळात वायकोमचा सत्याग्रह झाला तो मंदिरात शिरण्यासाठी नव्हता. मंदिराभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून अस्पृश्य मानलेल्या माणसांना चालता यावे यासाठी तो होता. तीन वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. रस्ता आणि पाणी या दोन्ही सार्वजनिक गोष्टी, आणि दोन्ही आम्हाला नाकारल्या गेल्या होत्या. म्हणूनच संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांच्याबरोबर 'रस्ते' हा शब्द स्पष्टपणे लिहिलेला आहे. राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या रस्त्याच्या वापराबाबत कोणावरही जातीच्या कारणाने निर्बंध घालता येणार नाही, असे तो अनुच्छेद सांगतो.

आज आम्हाला रस्त्यावरून चालू नका असे उघडपणे सांगण्याची हिंमत सहसा कोणी करत नाही. भेदाने जागा बदलली आहे. पूर्वी तो रस्त्याच्या तोंडाशी उभा असायचा, आता तो रस्त्याच्या आत, कारपेटच्या वीस मिलिमीटर जाडीत जाऊन बसला आहे. गावातला रस्ता चार-पाच पावसाळे टिकतो आणि त्याच गुत्तेदाराने केलेला वस्तीचा रस्ता पहिल्याच पावसात उखडतो, तेव्हा त्याला 'तांत्रिक दोष' म्हणून सोडून द्यायचे का?

आणि पैसा कोणाचा? अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना देशात १९७९-८० पासून सुरू झाली. महाराष्ट्रात ज्या योजनेला सगळे 'दलित वस्ती सुधार' म्हणून ओळखत आले, ती आज अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करण्याची योजना आहे. अंतर्गत रस्ते, नाल्या, पाणी, दिवे ही तिची कामे. म्हणजे पैसा आमच्या नावाने मंजूर होतो, आमच्या नावाने खर्च पडतो आणि आमच्याच दारात वाहून जातो. वर पुन्हा ऐकायला मिळते, "यांना कितीही दिले तरी पुरत नाही." हा टोमणा ज्याने ऐकला आहे, त्याला डांबर तपासण्याचे कारण वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सुई, चेंडू आणि साठ अंश

आता थोडे डांबराविषयी. ज्या विषयावर बोलायचे तो आधी समजून घ्यायचा, ही शिस्त आम्हाला बाबासाहेबांच्या लिखाणाने लावली आहे.

रस्त्याचे डांबर म्हणजे कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणात शेवटी तळाशी उरणारा जड, चिकट पदार्थ. रस्त्याच्या मिश्रणात वजनाने बहुतेक खडीच असते, डांबर साधारण शंभरात पाचच्या आसपास. पण खडीला खडी धरून ठेवते ते डांबरच, आणि मिश्रणातला सर्वांत महाग मालही तोच. म्हणून चोरीही तिथेच होते.

या डांबराकडून अपेक्षा तीन. उन्हाळ्यात वाहू नये, थंडीत तडकू नये, पावसात खडी सोडू नये. ते जमेल की नाही हे ओळखण्यासाठी चाचण्या आहेत आणि त्या कळायला अवघड नाहीत.

पहिली सुईची चाचणी, म्हणजे पेनिट्रेशन. २५ अंश तापमानाच्या डांबरावर १०० ग्रॅम वजनाची सुई पाच सेकंद सोडायची आणि ती किती आत गेली ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजायचे. पूर्वी '६०/७०' किंवा '८०/१००' असे डांबराचे प्रकार सांगत, ते आकडे या सुईचेच होते. दुसरी सॉफ्टनिंग पॉइंटची. पितळी कडीत डांबर भरायचे, वर पोलादाची छोटी गोळी ठेवायची आणि पाणी हळूहळू तापवत न्यायचे. डांबर मऊ होऊन गोळी खाली बसते ते तापमान नोंदवायचे. तिसरी व्हिस्कॉसिटीची, म्हणजे गरम डांबर वाहायला किती विरोध करते ते मोजण्याची.

२००६ मध्ये आपल्या देशात एक महत्त्वाचा बदल झाला. भारतीय मानक आयएस ७३ मध्ये डांबराचे वर्गीकरण सुईवरून काढून व्हिस्कॉसिटीवर नेले. कारण साधे होते. सुईची चाचणी २५ अंशांवर होते, पण भर उन्हाळ्यात आपल्या रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या घरात जातो. २५ अंशांवर सारखी दिसणारी दोन डांबरे ६० अंशांवर अगदी वेगळी वागू शकतात. म्हणून परीक्षा ६० अंशांवरच घ्यायचे ठरले. व्हीजी-१०, व्हीजी-२०, व्हीजी-३० आणि व्हीजी-४० हे आजचे प्रकार त्यातून आले. २०१३ च्या सुधारित मानकानुसार व्हीजी-३० डांबराची व्हिस्कॉसिटी ६० अंशांवर २४०० ते ३६०० पॉइज असावी लागते, सुई किमान ४५ आणि सॉफ्टनिंग पॉइंट किमान ४७ अंश. कुठे कोणते डांबर वापरायचे ते त्या भागातल्या सर्वांत कडक उन्हाळी आठवड्याच्या सरासरी कमाल तापमानावर ठरते. ३८ ते ४५ अंशांच्या प्रदेशाला व्हीजी-३०, त्याहून तापणाऱ्या प्रदेशाला व्हीजी-४०. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात राहणाऱ्यांना यातला अर्थ वेगळा सांगायला नको.

या बदलातून आमच्यासाठी एक धडा आहे. आरामाच्या तापमानात घेतलेली परीक्षा खरी नसते. समता कागदावर मोजायची नसते, ती चटका बसतो तिथे मोजायची असते.

अहवालातली आडवी रेघ

आमच्या तालुक्यातल्या एका वस्तीच्या रस्त्याची ही गोष्ट. वस्तीचे, कार्यालयाचे, गुत्तेदाराचे नाव आम्ही मुद्दाम लिहीत नाही. आमचे भांडण एका माणसाशी नाही. आणि ज्याने त्याने आपल्या वस्तीचे नाव तिथे घालून वाचले तरी चालेल.

रस्ता जयंतीच्या आधी झाला. मे महिन्यात वस्तीतल्या एका आजीने आम्हाला हाक मारून सांगितले, "बाबांनो, हा रस्ता चप्पल सोडंना गेलाय." जुलैमध्ये शाळेत जाणाऱ्या पोरांच्या पायांना सुटी खडी टोचू लागली. आम्ही कार्यालयात गेलो. तिथल्या अभियंत्यांनी चहा पाजला आणि विचारले, "तुम्हाला डांबरातलं काय कळतं? रस्ता झालाय ना, मग वापरा की."

तुम्हाला काय कळतं? हा प्रश्न आमच्या बापजाद्यांनी वेगवेगळ्या तोंडून ऐकला आहे. वेद, जमिनीचा कागद, न्यायालयाची भाषा, प्रत्येक ठिकाणी. आम्ही चहा पिऊन बाहेर आलो आणि माहिती अधिकाराचा अर्ज टाकला.

महिन्याभराने चाचणी अहवालाची प्रत मिळाली. आमच्यात एक मुलगा आहे, तंत्रनिकेतनातून स्थापत्यची पदविका घेतलेला. त्याने अहवाल समोर ठेवला आणि बोट ठेवून दाखवत गेला. डांबराचा प्रकार: व्हीजी-३०. सुई: ६४. सॉफ्टनिंग पॉइंट: ४५ अंश. खाली शेरा: समाधानकारक. "व्हीजी-३० ला सॉफ्टनिंग पॉइंट किमान ४७ पाहिजे," तो म्हणाला. "हे आकडे व्हीजी-२० ला जेमतेम बसतात." मग त्याने व्हिस्कॉसिटीचा रकाना दाखवला. ज्या चाचणीवरून डांबराला व्हीजी हे नाव मिळते, त्या चाचणीच्या रकान्यात एक आडवी रेघ होती. आणि अहवालावरची तारीख रस्ता पूर्ण झाल्यानंतर अकरा दिवसांची होती.

म्हणजे डांबर निकषात बसत नव्हते, मुख्य चाचणी केलीच नव्हती, जी केली ती रस्ता झाल्यावर, आणि तरीही शेरा समाधानकारक. हे आमचे म्हणणे नाही. त्यांच्याच कागदावर त्यांनीच लिहिलेले आहे. कोणी वाचणार नाही, ही खात्री असल्याशिवाय असा कागद लिहिला जात नाही.

या प्रकरणात आम्हाला अजून न्याय मिळालेला नाही. थोडी डागडुजी झाली, उरलेले अपिलात आहे. पण "तुम्हाला काय कळतं" हे वाक्य त्या कार्यालयात आम्हाला पुन्हा ऐकू आले नाही.

चोरीच्या चार वाटा

डांबराच्या कामात गडबड साधारण चार प्रकारे होते. एक, डांबर कमी घालणे. दोन, ठरलेल्या प्रकाराऐवजी दुसरेच वापरणे. तीन, हलके, स्वस्त तेल मिसळणे. चार, डांबर जाळणे, म्हणजे गरजेपेक्षा जास्त तापवणे. जास्त तापवलेले डांबर कडक होते, त्याची पकड जाते आणि रस्ता लवकर तडकतो.

या चारही गोष्टी पकडण्याच्या चाचण्या आहेत. मिश्रणातून डांबर वेगळे काढून किती घातले ते मोजता येते. प्रकार व्हिस्कॉसिटीने कळतो. हलके तेल मिसळले असेल तर फ्लॅश पॉइंट घसरतो. चांगल्या डांबराची वाफ किमान २२० अंशांपर्यंत पेट घेता कामा नये आणि रॉकेलसारखे तेल त्याच्या कितीतरी आधी पेटते. तापमान तर साध्या थर्मामीटरने जागेवरच कळते. व्हीजी-३० चे मिश्रण १५० ते १६५ अंशांत तयार व्हावे, पसरवताना १४० च्या खाली गेलेले नसावे आणि रोलर फिरून संपेपर्यंत ९० च्या खाली उतरू नये.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चपला चिकटतात म्हणजे डांबर वाईटच, असे डोळ्यांनी पाहून सांगता येत नाही. प्रकार चुकला असेल, भेसळ असेल किंवा डांबर प्रमाणाबाहेर जास्त पडले असेल. खडी सुटली तर डांबर कमी असेल, जळालेले असेल, खडीवर धूळ असेल किंवा नाली नसल्याने पाणी मुरले असेल. म्हणून तर चाचणी हवी! नुसत्या संशयावर घोषणा देता येतात, पण वसुली लावता येत नाही. ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा मोठ्या माणसाच्या शब्दावर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. ते गुत्तेदाराच्या शब्दाला लागू आहे आणि आमच्या रागालाही लागू आहे.

"डांबर सोडा, सिमेंट मागा"

काही जण म्हणतात, ही कटकटच नको, वस्तीत सिमेंटचा रस्ता किंवा पेव्हर ब्लॉक मागा. अरुंद गल्लीत ते योग्यही असेल. पण सिमेंटच्या रस्त्यात सिमेंट कमी घालता येते, ब्लॉकखालची वाळू वाचवता येते. माल बदलला म्हणून नियत बदलत नाही. चाचणी मागण्याची सवय लागली तर ती डांबराला, सिमेंटला आणि शाळेच्या छतालाही उपयोगी पडेल.

दुसरा आक्षेप असा की रस्ते डांबरामुळे बिघडत नाहीत, जास्त भरलेल्या ट्रकमुळे आणि पाण्यामुळे बिघडतात. हे अर्धे खरे आहे. चांगले डांबरही साचलेल्या पाण्यापुढे हरते. म्हणून रस्त्याबरोबर नाली मागितली पाहिजे. पण आमच्या वस्तीच्या रस्त्यावर कुठले ट्रक जातात? तिथे मोटारसायकली, एखादा ट्रॅक्टर आणि शाळेची पोरे जातात.

तिसरा आक्षेप: एवढ्या लहान कामाला चाचणी परवडत नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत तीन स्तरांवर गुणवत्ता तपासण्याची व्यवस्था आहे, राज्याचे आणि केंद्राचे निरीक्षक येतात. वस्तीच्या दोन-तीनशे मीटरच्या कामाला असे कोणी येत नाही. काम लहान म्हणून तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणून काम वाईट. ज्यांना लहान ठेवले गेले त्यांच्या वाट्याला लहानच कामे येतात. मग कमी तपासणीचा तोटाही कायम त्यांनीच सोसायचा का?

धूर कोणाच्या छातीत जातो?

डांबराचा प्रश्न फक्त त्यावरून चालणाऱ्यांचा नाही, ते पसरवणाऱ्यांचाही आहे. भर दुपारी पायाला बारदान गुंडाळून गरम मिश्रणाची घमेली उचलणाऱ्या बाया कोणत्या समाजातून येतात, हे आपल्याला माहीत आहे. खाणीत दगड फोडणारे वडार बांधव कोण, क्रशरच्या धुळीत कोणाची घरे आहेत, हेही माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रस्त्याच्या कामात डांबराच्या धुराशी येणारा संपर्क कर्करोगाला कारण ठरण्याची शक्यता असलेल्या गटात ठेवला आहे. डांबर जितके जास्त तापवाल तितका धूर जास्त. म्हणजे जे जास्तीचे तापमान रस्त्याचे आयुष्य कमी करते, तेच मजुराच्या फुप्फुसातही जाते. थर्मामीटर दोघांनाही वाचवतो. कमी तापमानावर काम होणारे वॉर्म मिक्सचे तंत्र उपलब्ध आहे. ते आपण मागितले पाहिजे.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागही त्यांच्याच खात्याच्या अखत्यारीत होता. बांधकाम आणि मजूर हे दोन विषय तेव्हा एकाच टेबलावर होते. आज ते वेगळे झाले आहेत. आंबेडकरी चळवळीने ते पुन्हा एकत्र मांडायला हवेत.

पर्यावरणाचेही तसेच. दोन वर्षांत उखडणारा रस्ता म्हणजे दुप्पट डांबर, दुप्पट खडी, दुप्पट डिझेल, दुप्पट धूर. परदेशातून आणलेल्या कच्च्या तेलाचा शेवटचा थेंब आणि आपल्याच डोंगराचा दगड, दोन्ही वाया. 'शाश्वत विकास' हा शब्द परिषदांमध्ये फार ऐकू येतो. आमच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच: एकदा केलेले काम टिकले पाहिजे. डांबरात टाकाऊ प्लास्टिक वापरण्याचे तंत्र मदुराईच्या प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी विकसित केले, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. चांगली गोष्ट आहे. पण ते प्लास्टिक कचऱ्यातून वेचणाऱ्या बायांचा उल्लेख त्या कौतुकात कुठे येतो का, हा आमचा प्रश्न आहे. आणि 'प्लास्टिकचा रस्ता' असा फलक लावला म्हणून चाचणीतून सूट नाही. त्यातले मिश्रणही तपासलेच पाहिजे.

मग करायचे काय?

माहिती अधिकार कायदा २००५ आपल्याला कागदांच्या प्रतींपुरता माहीत आहे. पण त्याच कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकार दिलेला आहे. हे पुन्हा वाचा. साहित्याचे प्रमाणित नमुने. त्यात डांबर येते. हे शस्त्र वीस वर्षे आपल्या हातात आहे आणि आपण ते क्वचितच वापरले आहे.

आमच्या अनुभवातून काही सूचना:

१. रस्ता झाल्यावर नाही, कार्यादेश निघाल्याबरोबर अर्ज करा. उत्तराला ३० दिवस लागतात आणि रस्ता दोन दिवसांत होतो. शिवाय पसरून झालेल्या डांबराचा मूळ प्रकार नंतर सिद्ध करणे अवघड आणि खर्चिक असते, कारण तापवल्यावर आणि उन्हापावसात डांबराचे गुण बदलतात.

२. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. म्हणून अंदाजपत्रक आणि कार्यादेशासाठी एक, डांबर खरेदीची पावती आणि रिफायनरीच्या चाचणी प्रमाणपत्रासाठी दुसरा, नमुन्यासाठी तिसरा अर्ज करा. प्रत्येकी १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही.

३. खरेदीच्या पावत्यांवरचे डांबराचे वजन आणि मोजमाप पुस्तिकेतली नोंद जुळते का ते पाहा. एकच पावती दोन रस्त्यांना लावलेली आहे का तेही पाहा.

४. कामाच्या दिवशी पाच-सात जण हजर राहा. भांडू नका, काम अडवू नका. थर्मामीटर, वही आणि मोबाइल एवढेच सोबत असू द्या. तापमान, वेळ आणि गाडीचा क्रमांक लिहून ठेवा.

५. नमुना दोन डब्यांत घ्यायला लावा. दोन्हींवर सील, तारीख आणि सह्या. एक कार्यालयाकडे, एक आपल्याकडे. सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शुल्क भरून चाचणी करून मिळते का ते आधीच विचारून ठेवा.

६. दोष दायित्वाचा कालावधी किती ते करारात पाहा. त्या काळात रस्ता बिघडला तर दुरुस्ती गुत्तेदाराने स्वखर्चाने करायची असते. नवीन निधी मागण्याआधी ही दुरुस्ती मागा.

मागच्या खेपेला शेजारच्या वस्तीत आम्ही हेच केले. वर्गणी काढून चाचणीचे पैसे भरले. अहवाल आला, डांबर सर्व निकषांत बसले. आमच्यातल्या एकाला वाटले, कष्ट वाया गेले. वाया कसे? आम्हाला कोणाला चोर ठरवायचे नव्हते, रस्ता हवा होता. नमुना घेतला जाणार हे आधीच ठाऊक होते म्हणून माल चांगला आला, असेही असू शकेल. दोन पावसाळे गेले. रस्ता जागेवर आहे.

शेवटी, आपल्याच माणसांशी

हा लेख फक्त 'त्यांच्या'विरुद्ध लिहिला तर तो खोटा ठरेल. शिष्यवृत्तीवर शिकलेली आपली किती मुले आज स्थापत्यची पदवी-पदविका घेऊन गुत्तेदाराच्या साइटवर पंधरा-वीस हजारांवर राबत आहेत! न केलेल्या चाचणीचे आकडे रजिस्टरमध्ये भरायला त्यांनाच सांगितले जाते. मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांच्यासाठी राज्यात कामे राखून ठेवलेली असतात. त्यातल्या काहींवर नाव आपल्या माणसाचे आणि काम दुसऱ्याचेच असते, आणि काही ठिकाणी काम करणाराही आपलाच असतो. आरक्षणातून अभियंता झालेल्या आपल्या साहेबांची सहीही काही 'समाधानकारक' शेऱ्यांखाली असते.

त्यांना आमचे एवढेच सांगणे: नोकरीची अडचण आम्हाला कळते. सगळ्यांनी राजीनामे द्यावेत असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या सहीच्या अधिकारासाठी आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अंगठ्याचा अपमान सोसला, ती सही खोट्या कागदावर करू नका. ते जमत नसेल तर निदान संध्याकाळी वस्तीत या आणि आमच्या पोरांना अहवाल वाचायला शिकवा. तो पदविकाधारक मुलगा नसता तर ती आडवी रेघ आम्हालाही दिसली नसती.

आणि तरुणांनो, पुढच्या जयंतीच्या आधी तुमच्या वस्तीत रोलर येईल. नारळ फुटण्याआधी विचारा: डांबर कोणते? अहवाल कुठे? नमुना कधी घेणार? नाचायला रात्र मोकळीच आहे. दिवसा मात्र हातात थर्मामीटर असू द्या.

जय भीम!